रात्रीची किल्ली कोणाकडे? उपशामक सेवेचा दर्जा पारखण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गंभीर आजारात, विशेषतः तो बरा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, रुग्णाच्या वेदना, धाप, उलट्या, जखमा आणि मनाची घालमेल यांवर जे उपचार केले जातात, त्यांना उपशामक सेवा म्हणतात. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत ही सेवा राहण्याच्या सोयीसह देणाऱ्या केंद्रासाठी आपल्याकडे ‘हॉस्पिस’ हाच शब्द रुळला आहे. अशी केंद्रे आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था यांतली चांगली कोणती हे कसे ओळखायचे, हा प्रश्न अनेक पत्रांतून आला. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि केमोथेरपी आता थांबवली आहे. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत : वातानुकूलित खोल्यांचे नवे केंद्र, एक साधे जुने केंद्र आणि घरी येऊन सेवा देणारी संस्था. भेटीला गेल्यावर नेमके काय विचारावे? (पुणे)

पहिला प्रश्न हा विचारावा : “रात्री दोन वाजता वेदना वाढल्या, तर काय होते?” या प्रश्नाला मिळणारे उत्तर इमारतीपेक्षा फार अधिक सांगून जाते. एका केंद्राला मी पूर्वी सल्लागार म्हणून भेट देत असे. स्वागतकक्ष देखणा, बाग सुरेख, भिंतीवर सुविचार. मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूजन्य औषधाच्या, कपाटाची किल्ली मात्र दिवसपाळीच्या पर्यवेक्षिकेच्या पर्समध्ये घरी जात असे आणि सकाळी नऊला परत येत असे. रात्री कोणी कण्हू लागले, तर त्याला पॅरासिटामॉल मिळे आणि “सकाळी मॅडम आल्या की देऊ” असा दिलासा मिळे. म्हणून किल्ली रात्री कोणाकडे असते, रात्रपाळीच्या परिचारिकेला ठरलेली जादा मात्रा स्वतः देण्याची लेखी मुभा आहे का, आणि डॉक्टर फोनवर कोणत्या क्रमांकावर भेटतात, हे स्पष्ट विचारावे. घरी येणाऱ्या संस्थेला हाच प्रश्न जरा वेगळा करावा : रात्री फोन उचलणारी व्यक्ती आपल्या वडिलांची फाइल पाहू शकते का, की ती केवळ निरोप घेणारी आहे?

दुसरे म्हणजे मॉर्फिन मुळात उपलब्ध आहे का. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिनसारखी औषधे बाळगण्याचे परवाने इतके किचकट झाले होते की, अनेक रुग्णालयांनी तो नाद सोडून दिला होता. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवता येऊ लागली. ही मान्यता आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. “आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही” असे उत्तर आले, तर कर्करोगाच्या रुग्णासाठी ते केंद्र यादीतून वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची वेदना पोटातून पाठीकडे जाते, बसून पुढे वाकल्यावर थोडी कमी होते आणि कधीकधी गोळ्यांना दाद देत नाही. अशा वेळी पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती बधिर करण्याचा मार्ग असतो. त्याला सीलिअॅक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात. केंद्रात ही सोय नसली तरी चालेल, पण तेथील डॉक्टरांनी हा विषय आपण होऊन काढला, किंवा आपण काढल्यावर कोठे पाठवता येईल हे सांगितले, तर त्यांना हा आजार ठाऊक आहे असे समजावे.

भेटीत डोळे उघडे ठेवावेत, मात्र इतर रुग्णांच्या खोल्यांत डोकावू नये. परिचारिकांच्या टेबलावर वेदनेची नोंद कशी ठेवतात, तेवढे दाखवायला सांगावे. शून्य ते दहा या मोजमापात आकडा लिहिलेला आहे का, आणि औषध दिल्यावर अर्ध्या-एक तासाने तो पुन्हा विचारून लिहिला आहे का? पहिला आकडा बहुतेक ठिकाणी सापडतो, दुसरा सापडला तर ते केंद्र चांगले. दाखल केल्यावर तिसऱ्या दिवशी वडिलांचे तोंड आणि टाचा आपण स्वतः पाहाव्यात. जीभ कोरडी, पांढऱ्या थराची असेल किंवा टाचांवर लाली दिसत असेल, तर तोंडाची निगा आणि दर दोन तासांनी कूस बदलणे या दोन्ही गोष्टी कागदावरच होत आहेत.

वातानुकूलनाचा विचार या सगळ्यानंतर करावा.

प्रश्न : आईचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी सांगितली आहे, पण संस्थेतून घरी येणारी परिचारिका म्हणते, “अगदीच सहन होईना तेव्हाच द्या, सवय लागते.” कोणाचे ऐकावे? संस्था बदलावी का? (नाशिक)

या बाबतीत डॉक्टरांचे ऐकावे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, त्यामुळे वेदना उसळण्याची वाट पाहून गोळी दिली, तर आईचा प्रत्येक दिवस चार-सहा वेळा शून्यापासून सुरू होतो आणि एकूण औषध कमी नव्हे, तर पुष्कळदा जास्तच लागते. वेदनेसाठी योग्य प्रमाणात आणि देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे ही अगदी क्वचित घडणारी गोष्ट आहे. काही आठवड्यांनी मात्रा वाढवावी लागली, तर ते बहुधा आजार वाढल्याचे लक्षण असते.

सेवेचा दर्जा या औषधाच्या आगेमागे काय येते त्यावरून कळतो. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठतेचे औषध लिहून द्यायलाच हवे, आणि तेही आतड्यांना चालना देणारे. नुसत्या इसबगोलाने येथे भागत नाही, उलट पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला त्याचा त्रासच होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, त्याचीही गोळी हाताशी हवी. दोन मात्रांच्या मधेच कळ आली तर काय द्यायचे, हे कागदावर लिहिलेले असावे. आई फार झोपाळू झाली, हातपायांना झटके येऊ लागले किंवा लघवी कमी झाली, तर कोणाला कळवायचे हेही सांगितलेले असावे, कारण मूत्रपिंडे मंदावली की मॉर्फिन अंगात साठते. परिचारिकेने “आज शौचाला झाली का?” हे प्रत्येक भेटीत विचारले नसेल, तर तिचे शिक्षण अपुरे राहिले आहे.

संस्था लगेच बदलू नये. तिच्या डॉक्टरांना फोन करून परिचारिकेचे वाक्य जसेच्या तसे सांगावे. चांगल्या संस्थेत त्याच आठवड्यात त्या परिचारिकेला समजावले जाते आणि डॉक्टर स्वतः घरी येऊन किंवा फोनवर वेळापत्रक पुन्हा लिहून देतात. “ती अनुभवी आहे, तिला कळते” असे उत्तर मिळाले, तर मात्र बदलावी.

प्रश्न : एक संस्था “चोवीस तास नर्ससह घरच्या घरी हॉस्पिस” असे सांगून महिन्याचे पैसे आगाऊ मागते आहे. खात्री कशी करावी? (सांगली)

आपल्याकडे घरी येणाऱ्या प्रत्येकीला नर्स म्हणण्याची पद्धत आहे आणि अशा बायका पुरवणारे ब्यूरोवाले या पद्धतीचा पुरेपूर फायदा घेतात. जीएनएम, एएनएम किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागावा. नोंदणी नसलेली व्यक्ती रुग्णसेविका असते. ती अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते. हे काम मोलाचे आहे आणि अनेकदा रुग्णाला सर्वांत जास्त आधार तिचाच असतो. पण तिने इंजेक्शन देऊ नये आणि तिच्यासाठी परिचारिकेचे दर आकारले जाऊ नयेत. संस्थेमागे डॉक्टर आहेत का, ते घरी किती दिवसांनी येतात आणि उपशामक उपचारांचे प्रशिक्षण त्यांनी कोठे घेतले, हेही विचारावे. डॉक्टरच नसतील, तर ते हॉस्पिस नव्हे.

महिन्याचे पैसे आगाऊ देऊ नयेत. या आजारांत महिना पुरा होईलच असे नसते, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे मागण्याची वेळ नेमकी तेराव्याच्या आसपास येते. आठवड्याच्या हिशेबाने पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. मेडिक्लेमवर फारशी भिस्त ठेवू नये, कारण बहुतेक पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात दाखल असण्याच्या अटीवर बेतलेल्या असतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंसाठी आम्ही मोफत हॉस्पिस पाहून आलो. मोफत म्हणजे निगा कमी, असे नातेवाईक म्हणतात. शिवाय सासूबाईंना कर्करोगाचे निदान आम्ही सांगितलेले नाही, आणि तेथील डॉक्टर म्हणाल्या, “त्यांनी विचारले तर आम्ही खोटे बोलणार नाही.” हे योग्य आहे का? (फोंडा)

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. देशातला पहिला हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, त्याचे केंद्र आपल्या गोव्यातही आहे आणि तेथे रुग्णांकडून पैसे घेतले जात नाहीत. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनाशुल्क चालते आणि तेथे नातेवाइकाला रुग्णाजवळ राहता येते. आपल्याकडे ही सेवा मुख्यतः धर्मादाय परंपरेतूनच वाढली, त्यामुळे पैसे आणि दर्जा यांचा संबंध येथे रुग्णालयांसारखा सरळ लागत नाही. खाट कधी रिकामी होईल आणि कोणत्या आजाराचे रुग्ण घेतात, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्या डॉक्टर आपल्याला कठोर वाटल्या असतील तर ते मी समजू शकतो. तरीही त्यांचे वाक्य नीट ऐकावे : “विचारले तर.” त्या आपण होऊन सांगणार नाहीत. चांगल्या सेवेची हीच रीत असते. आधी रुग्णालाच विचारतात, “तुम्हाला आजाराबद्दल किती कळले आहे? आणखी जाणून घ्यायचे आहे का?” काहीजण म्हणतात, “मुलाशी बोला, मला नको सांगू.” तो त्यांचा अधिकार आहे, आणि मग विषय तेथेच थांबतो. पण बहुतेकांना ठाऊक असते. एका आजींनी मला त्यांची सून चहा आणायला गेल्यावर हळूच सांगितले होते, “हिला कळू देऊ नका हो मला माहीत आहे म्हणून, पोर खचेल.” दोघी एकाच खोलीत, एकमेकींना जपत, तीन आठवडे स्वतंत्रपणे रडत होत्या. घरातल्या पाटल्या कोणाला द्यायच्या, हे त्यांना सुनेशी बोलायचे होते आणि तेवढेच राहून जात होते.

ज्या केंद्रात “काळजी करू नका, आम्ही टीबी झाला आहे असे सांगू” असे आश्वासन मिळते, तेथे आपल्यालाही उद्या खरे सांगितले जाईल याची खात्री नसते. आपण त्या डॉक्टरांना एवढेच विचारावे की, सासूबाईंनी विचारले तर त्या वेळी आम्हाला जवळ बोलवाल का? चांगल्या डॉक्टर याला आनंदाने होकार देतील.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. वडील (वय ८४) डोंबिवलीत एकटे आहेत, हृदय निकामी होत चालले आहे आणि त्यांना पुन्हा आयसीयूत जायचे नाही. येथे हॉस्पिसविषयी कुटुंबांनी दिलेले अभिप्राय मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. भारतात दुरून दर्जा कसा तपासावा?

तशी तुलनात्मक सरकारी यादी आपल्याकडे नाही, आणि गूगलवरचे तारे पार्किंगपासून चहापर्यंत कशालाही दिलेले असतात. त्याऐवजी संस्थेला विनंती करावी की, ज्यांच्या घरचा रुग्ण मागच्या सहा महिन्यांत गेला अशा दोन कुटुंबांना विचारून, त्यांची तयारी असल्यास, आपले बोलणे करून द्यावे. त्यांना एकच विचारावे : शेवटच्या दोन दिवसांत कोण आले होते? काही संस्था फक्त कर्करोगाचे रुग्ण घेतात, म्हणून हृदयविकाराचे रुग्ण त्या नियमितपणे सांभाळतात का, हेही आधी पाहावे. पायाची सूज आणि धाप वाढली की लघवीच्या गोळीची मात्रा घरच्या घरी फोनवर बदलता आली, तर रुग्णालयाच्या बऱ्याच फेऱ्या टळू शकतात.

आयसीयू नको ही वडिलांची इच्छा लेखी हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते. संस्थेच्या डॉक्टरांनी ती वाचून फाइलला लावली आहे का, आणि शेजाऱ्यांनी घाबरून रुग्णवाहिका बोलावण्याआधी कोणाला फोन करायचा हे दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे का, हे भावाबहिणींपैकी कोणीतरी जाऊन पाहावे. वडील एकटे असल्याने रात्री सोबत कोण, हा प्रश्नही आताच सोडवावा; भेटीला येणारी कोणतीही संस्था ती उणीव भरून काढू शकत नाही.

एक गोष्ट विचारायला सर्वांनाच जड जाते, आणि ती न विचारल्याने घरोघरी गोंधळ होतो. घरी मृत्यू झाल्यास त्याच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४ अ, संस्थेचे डॉक्टर देतात का, आणि पहाटे गरज पडली तर किती वेळात येतात? हा कागद अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. स्मशानभूमीत तो मागतात, आणि नसेल तर कधीकधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. ती आपण येऊन करू शकाल, पण पहाटेचा तो कागद न्यू जर्सीहून आणता येणार नाही; त्याची जबाबदारी कोण घेणार, त्या डॉक्टरांचे नाव आणि क्रमांक आजच लिहून घ्यावा.