काळीज म्हणजे हार्ट नाही हो!

प्रश्न असा आलाय : "एका लेखात 'उंदरांच्या काळजातले मायटोकाँड्रिया निकामी झाल्याने ट्यूमर' असं वाचलं, पण प्रयोग तर लिव्हरवरचा होता. मग काळीज हा शब्द चुकलाच ना? आणि मायटोकाँड्रियाला मराठीत काय म्हणायचं?"

चुकलेला नाही! उलट त्या वाक्यात तोच एक शब्द नेमका पडलाय. काळीज म्हणजे हार्ट हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर तो काय हृदय कापून देतो का? संस्कृत कालेय म्हणजे यकृत, प्राकृतात कालिज्ज, त्याचं मराठीत काळीज आणि हिंदीत कलेजा, सरळ मामला. मुळात काल म्हणजे काळा, कारण अवयवच काळपट तांबडा, आणि गंमत म्हणजे त्या रंगात रक्ताचा वाटा मोठा असला तरी थोडा मायटोकाँड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतल्या) सायटोक्रोम या रंगीत प्रथिनाचाही असतो, म्हणजे काळजाचं नाव थोडंफार मायटोकाँड्रियामुळेच पडलंय म्हणा ना.

आता माझा लाडका सिद्धांत, पटला तर घ्या. 'वाघाचं काळीज', 'उंदराचं काळीज', 'त्याला काळीज लागतं' ही धैर्यवाली भाषा जुनी, ती यकृताचीच. 'काळजाचा ठोका चुकला' ही नंतरची घुसखोरी, यकृताला कुठला आलाय ठोका! पुरावा पाहिजे तर फारसीत बघा, हिंमतवाला तो जिगरदार, आणि जिगर म्हणजे चक्क यकृत. नुसता अर्थ नाही, शब्दही यकृतचाच भाऊ. अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथातलं याकर, पुढे य चा ज झाला, जसा यिम चा जमशेद मधला जम झाला (आपला यमच तो). ग्रीक हेपार, लॅटिन येकुर ही त्याचीच भावंडं, म्हणजे हेपॅटायटिस, यकृत आणि जिगरी दोस्त एकाच घरातले. आणि आमचे शुद्धीवाले जिगरला परका म्हणून हाकलतात आणि यकृतला सोवळ्यात बसवतात!

जुन्या पंडितांचंही मला पटत नाही. 'यं संयमं करोति' म्हणून यकृत्, अशी फोड देतात. अहो, कृ धातू असता तर षष्ठीत कुठे गेला? षष्ठी होते यक्नः. पाणिनीनं यकन् आणि शकन् एकाच सूत्रात घेतलेत, आणि शकृत् म्हणजे शेण, मग तिथे काय 'शं करोति', कल्याण करतं म्हणायचं? हा र-न चा खेळ (प्रथमेला र, षष्ठीला न) फार जुना आहे, ग्रीकमध्ये हेपार-हेपातोस (तिथला न झिजून गेलाय), लॅटिनमध्ये येकुर-येकिनोरिस. एवढा पुरावा समोर असताना संयम कशाला आणायचा मध्ये.

हां, मायटोकाँड्रिया राहिलंच. कार्ल बेंडानं १८९८ मध्ये नाव दिलं, ग्रीक मिटोस म्हणजे दोरा आणि काँड्रिऑन म्हणजे कण, आपल्याकडचं तंतुकणिका हे त्याचंच शब्दशः रूप, चांगलं आहे, वापरा. मायटोकाँड्रिया हे अनेकवचन, एकवचन मायटोकाँड्रिऑन, पण त्यावरून मी कुणाशी भांडणार नाही.

भांडीन ते 'निकामी'वरून. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात उंदरांच्या फक्त यकृतातलं प्रोहिबिटिन-१ काढून टाकलं होतं, हे प्रथिन मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात असतं, तर यकृताला आधी इजा झाली, मग फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साचणं) आणि पुढे कॅन्सर. सगळ्या तंतुकणिका खरोखर निकामी झाल्या असत्या तर पेशी मेली असती, गाठ कुठून धरणार? जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्गलाही १९२० च्या दशकात दिसलं की गाठीतली पेशी ऑक्सिजन असूनही साखर आंबवत बसते, त्यानं त्याचं खापर बिघडलेल्या श्वसनावर फोडलं, पण पुढे कित्येक गाठींत मायटोकाँड्रिया चांगले चालू सापडले. तेव्हा 'बिघाड' लिहा, फार तर 'कामात गडबड'. आणि काळीज तसंच ठेवा, त्याला हात लावू नका.