राईट-ऑफ झालं म्हणजे माफ झालं का?

प्रश्न: राम राम भाऊ. मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी. वादळात बाग आडवी झाली त्या साली पीककर्ज थकलं ते थकलंच. आता पोराला ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून सिबिल (कर्जफेडीचा अहवाल) काढला तर त्यात त्या कर्जापुढे 'रिटन ऑफ' लिहिलेलं, आम्हाला वाटलं सुटलो, पण लगेच बँकेची नोटीस आली, व्याजासकट. पेपरात येतं मोठ्या कंपन्यांचं राईट-ऑफ केलं, मग त्यांचं माफ आणि आमचं नाही का?

उत्तर: राम राम दादा. तुमचं कर्ज माफ झालेलं नाही, नोटीस बाजूला ठेवू नका.

राईट-ऑफ हा बँकेच्या वहीतला हिशोब. खातं खूप दिवस एनपीए, म्हणजे थकीत, राहिलं की बँक नफ्यातून तेवढी तरतूद करते आणि ती रक्कम ताळेबंदातून काढून टाकते, पण तुमचं देणं जसंच्या तसं राहतं आणि वसुलीही चालूच राहते. वेव्हर म्हणजे माफी, तिथे देणंच संपतं. 2008 ला केंद्राने दिली, 2017 ला राज्याने दीड लाखापर्यंत, 2019 ला दोन लाखापर्यंत, तेव्हा बँकेचे पैसे सरकारने भरले. कंपन्यांचं राईट-ऑफ पण माफी नसतं हो, वसुली मात्र फार कमी होते आणि त्याचा राग येणं अगदी रास्त आहे.

आता आधी सातबारा काढा, इतर हक्कात बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, दिसेल. कोर्टात न जाता तारण जप्त करायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही म्हणून त्याखाली कोणी लिलावाची भीती घातली तर घाबरू नका, पण कोर्टाचा रस्ता बँकेला मोकळा आहे हेही लक्षात ठेवा. खात्याचा पूर्ण उतारा मागा, मुद्दल किती व्याज किती ते वेगळं बघा आणि एकरकमी तडजोडीचा अर्ज लेखीच द्या, पोच घेऊन. राईट-ऑफ झालेल्या खात्यात बँका व्याजावर बऱ्यापैकी सूट देतात, लोकअदालतीतही हे मिटतं. फक्त तडजोड केली तर सिबिलला 'सेटल्ड' लागतं, पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड', आणि ट्रॅक्टरचं लोन देणारा हे बघतोच, म्हणून ऐपत असेल तर पूर्ण भरा. पैसे भरले की बेबाकी (काही देणं उरलं नाही असा) दाखला घ्या आणि तो तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करून घ्या, हे राहून गेलं तर पुढच्या कर्जाला पुन्हा तेच अडतं.