चँट ते बरोक: एकेक आवाज धरून ऐक

अगं, तुझा मेसेज वाचला. ग्रेगोरियन चँटची, म्हणजे जुन्या चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनागायनाची, भलीमोठी प्लेलिस्ट लावून अभ्यास केलास, छान शांत वाटलं, पण दुसऱ्या दिवशी एकही ओळ आठवेना, हे मोकळेपणाने लिहिलंस ते बरं केलंस. यात तुझ्या कानाचा काही दोष नाही, त्या प्लेलिस्ट बनतातच मागे वाजत राहण्यासाठी. माझं सांगणं एकच आहे, थोडं ऐक, पण एक आवाज धरून ऐक आणि तेच परत परत ऐक.

सुरुवात चँटपासूनच कर, कारण तिथे आपल्या कानाला परकं असं फारसं काही नाही. एकच धून, सगळे मिळून तीच गाणार, कॉर्ड नाहीत, तालाचा ठेका नाही, लॅटिन शब्द जसे चालतात तसे सूर चालतात. तू पेटी शिकली आहेस म्हणजे त्यांचे मोडही, म्हणजे आपल्या थाटांसारखे स्वरसंच, तुला लगेच सापडतील, डोरियनचे स्वर आपल्या काफी थाटाचे, फ्रिजियनचे भैरवीचे, मिक्सोलिडियनचे खमाजचे. पण म्हणून त्यात राग शोधत बसू नकोस, स्वर तेच असले तरी चलन वेगळं आहे. स्तोत्र म्हणताना ते बराचसा मजकूर एकाच स्वरावर म्हणतात आणि ओळ संपताना वळण घेऊन खाली येतात, ते खाली येणं नीट ऐक.

मग हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन. ऱ्हाइनकाठच्या मठाची प्रमुख, १०९८ ते ११७९, स्वतः शब्द लिहायची आणि स्वतःच चाली लावायची. तिच्या धुना सा वरून एकदम प वर उडी घेतात आणि तिथून आणखी वर जातात, साध्या चँटमध्ये इतकी झेप सहसा नसते. गॉथिक व्हॉइसेस या ग्रुपचं १९८० च्या दशकातलं रेकॉर्डिंग मिळालं तर ऐक, एमा कर्कबी गायली आहे. त्यात काही ठिकाणी मागे जो अखंड सूर लागतो तो हस्तलिखितात लिहिलेला नाही, तो आजच्या कलाकारांनी घातलाय. इतक्या जुन्या संगीतात असं बरंच काही आज ठरवावं लागतं, म्हणून एकच रचना दोन ग्रुपकडून ऐकायची सवय लाव, फार फरक पडतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या नोत्र दाम चर्चशी जोडलेला संगीतकार पेरोतँ चँटचा एकेक स्वर इतका ताणतो की तो खाली तानपुऱ्यासारखा उभा राहतो आणि वर तीन आवाज नाचत असतात. हे एकदा ऐकलंस की पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र आवाज, कुठून आली ते कानालाच कळतं, पुस्तक वाचायची गरज नाही. माशो या चौदाव्या शतकातल्या संगीतकाराचा मास, म्हणजे चर्चच्या मुख्य प्रार्थनाविधीचं संगीत, पुढे कधीतरी ऐकशीलच, आत्ता घाई नको.

आत्ता जोस्कां दे प्रे हा संगीतकार. १५२१ मध्ये गेला. त्याचं 'आवे मारिया, व्हिर्गो सेरेना' पाच-सहा मिनिटांचंच आहे, पण त्याला एक आठवडा दे. पहिली ओळ चँटमधूनच घेतलेली, खालच्या प वरून सा, मग रे, ग अशी चढणारी. आधी सगळ्यात वरचा आवाज ती गातो, मग त्याखालचा तीच ओळ धरतो, मग तिसरा, मग सगळ्यात खालचा, म्हणजे बास. आज फक्त वरचा आवाज धर आणि बाकीचे सोडून दे. उद्या फक्त बास, तो येईपर्यंत थांबायचं आणि आला की शेवटपर्यंत सोडायचा नाही. दोनचार दिवसांनी दोन आवाज एकदम ऐकू यायला लागतात आणि ते यायला लागले ना की मग जे वाटतं ते मला इथे लिहून सांगता येत नाही. शेवटी इतका वेळ एकमेकांमागे धावणारे चारही आवाज एकत्र येतात आणि सावकाश म्हणतात, देवाच्या आई, माझी आठवण ठेव.

बरोकमध्ये, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या संगीतात, शिरायला इंग्लिश संगीतकार पर्सेलचं 'डायडोज लमेंट' घे, साधारण १६८९ चं, त्याच्या ऑपेरात राणी डायडो मरण्याआधी गाते तो विलाप. इथे युक्ती उलटी, गाणारीकडे लक्ष नको, खालचा बास धर. सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, असा तो अर्ध्या अर्ध्या सुराने उतरतो आणि मग वळून परत सा वर येतो. तो तुकडा पाच मापांचा आहे आणि अकरा वेळा येतो, स्वर न बदलता. आणि गाणारी त्याच्याशी जुळवून घेत नाही, बासची फेरी संपते तेव्हा तिचं वाक्य अर्धवट असतं, ती श्वास घेते तेव्हा बास निघालेला असतो. मरण ठरलेलं आहे आणि ती अजून बोलतेय, हे सगळं त्या न जुळण्यातच आहे. 'रिमेंबर मी' ती आधी नुसत्या प वर म्हणते, शेवटच्या वेळी वरच्या सा पर्यंत जाते. तिचं गाणं संपल्यावर तीच उतरण व्हायोलिन उचलतात, तिथे बंद करू नकोस.

कीबोर्डवर सूर लावून बघशील तर बरोक ग्रुप बऱ्याचदा अर्धा सूर खाली सापडेल, कारण आजचा ए हा स्वर ४४० हर्ट्झचा आणि ते बहुतेक ४१५ ला लावतात. तारा आतड्याच्या असतात, आवाज जरा खरखरीत आणि जवळचा येतो. मला तोच आवडतो, पण तू दोन्ही ऐकून ठरव.

आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत गोव्यात असलीस तर चर्चमध्ये मोतेत, म्हणजे अनेक आवाजांची भक्तिगीतं, गातात ते प्रत्यक्ष ऐक. हेडफोनवर दगडी भिंतींचा आवाज येत नाही.

बरोकमधल्याच बाखची घाई करू नकोस, नेदरलँड्स बाख सोसायटीने त्याचं ढीगभर काम फुकट ऑनलाइन ठेवलंय, ते कुठे जात नाही. आधी जोस्कां आणि पर्सेल, आणि बास पहिल्यांदा कितव्या फेरीला पकडता आला ते मला कळव.