पदकाच्या कडेवरची अक्षरे

प्रश्न : आमच्या पणजोबांची तीन पदके घरात जपून ठेवली आहेत. एक ताऱ्याच्या आकाराचे, एक चांदीचे आणि एक सोनेरी झाक असलेले. ते हवालदार होते आणि त्यांना शौर्यपदक मिळाले होते, असे घरात सांगतात. ताऱ्याच्या पाठीवर मात्र इंग्रजीत क्रमांक, ‘सिपॉय’, त्यांचे नाव आणि ‘११७ मराठाज’ एवढेच आहे. उरलेल्या दोघांच्या कडेवर ‘नाईक’ असे आहे. यांवरून त्यांच्या नोकरीचा माग काढता येईल का?

उत्तर : माग काढता येईल; मात्र आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपण वर्णन केलेल्या तिन्हींपैकी एकही शौर्यपदक नाही. तारा म्हणजे ‘१९१४-१५ स्टार’, चांदीचे ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि सोनेरी झाकेचे ते ‘व्हिक्टरी मेडल’. पहिल्या महायुद्धात आघाडीवर सेवा केलेल्या लक्षावधी सैनिकांना ती मिळाली. ‘व्हिक्टरी’ या शब्दामुळे अनेक घरांत शौर्याची कथा रुजली आहे, आणि ती खोडून काढताना आम्हालाही आनंद होत नाही.

तरीही खरा ऐवज त्या अक्षरांतच आहे. तारा त्यांनाच मिळत असे, जे १९१५ सालच्या अखेरीपूर्वी युद्धक्षेत्रात पोहोचले होते. म्हणजे आपले पणजोबा युद्धाच्या पहिल्या टप्प्यातच समुद्रापार गेले होते. ताऱ्यावर सामान्यतः तिथे पोहोचतानाचा हुद्दा असतो, तर इतर दोन पदकांवर युद्धकाळात पुढे मिळालेला हुद्दा येतो. ‘सिपॉय’ (शिपाई) आणि त्यावरचा ‘नाईक’ यांतला फरक ही चूक नसून ती त्यांची बढती आहे. ते हवालदार झाले असतील, तर ती बढती बहुधा त्यानंतरची असेल, आणि तसे असल्यास घरची आठवण व पदके यांत विरोध उरत नाही.

११७ मराठाज ही पलटण १०३ आणि ११० या मराठा पलटणींप्रमाणे सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली, डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. पण एवढ्यावरून पणजोबा तुर्कांचे युद्धकैदी होते, असे लिहून मोकळे होऊ नका. वेढा पडण्यापूर्वी जखमी होऊन मागे पाठवलेले आणि नव्या भरतीच्या तुकड्यांतून निघून कुतपर्यंत पोहोचूच न शकलेले जवानही त्याच पलटणीचे होते. हा निवाडा पदक करू शकत नाही. तो घरातल्या जुन्या ट्रंकेत नोकरीमुक्तीचे प्रमाणपत्र किंवा पेन्शनचा कागद सापडला तरच होईल. त्या काळातल्या साध्या शिपायांची सेवापत्रे क्वचितच हाती लागतात, म्हणून त्या कागदाचे मोल अधिक. पलटण कधी कुठे होती हे पाहायचे असेल, तर लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धरोजनिश्या आहेत. त्यांत नावे बहुतेक अधिकाऱ्यांचीच असतात.

क्रमांकाचा शोध घेताना पलटणीचे नाव सोडू नका. तेव्हा प्रत्येक पलटण स्वतःचे क्रमांक देत असे, त्यामुळे एकच क्रमांक अनेक पलटणींत सापडतो. १९२२ च्या फेररचनेत ११७ मराठाज ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. म्हणून त्यानंतरच्या एखाद्या पदकावर ‘५-५’ दिसले, तर ते कोड्यात टाकणारे नाही : पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा.

आणि कृपया पदके चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. कडेवरची अक्षरे मुळातच फार उथळ असतात. कागदावर अक्षरांची नक्कल करण्यापेक्षा दिव्याचा उजेड बाजूने पडेल अशा कोनातून छायाचित्र घ्यावे.

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या बाजारात मराठा पलटणीचे नाव असलेले एक चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ पाहिले. नाव अस्सल आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : हे पदक ३६ मिलिमीटर व्यासाचे असते. मूळ नाव कानशीने घासून नवे घातले असेल, तर व्यास किंचित कमी भरतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजून पाहावे. मूळ अक्षरे ठशाने दाबून उमटवलेली असतात. कोरणीने हाताने कोरलेली, रेषा कमीजास्त झालेली अक्षरे दिसली तर खरेदी थांबवावी. त्याच नक्षीचे पदक चांदीऐवजी ब्राँझचे असेल, तर मात्र ते नकली समजू नये : सैन्याबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांना व इतर सेवकवर्गाला ब्राँझचे पदक दिले जात असे.