पहिला नंबर मनातल्या शाळेलाच दे

प्रिय मुली,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काकू, बारा शाळांची यादी झालीये, आता फक्त डावपेच सांगा." मला हसू आलं आणि जरा धास्तीही वाटली. कॅप राऊंडचे ऑप्शन फॉर्म भरून इंजिनिअर झालेली माणसं तुम्ही. पहिल्या नंबरावर काय टाकलं तर गळ्यात पडेल, हा हिशेब अंगात मुरलेला. आता वॉशिंग्टन डीसीत लेकीसाठी माय स्कूल डीसीचा, म्हणजे शहरातल्या सरकारी आणि चार्टर शाळांच्या एकत्रित सोडतीचा, अर्ज उघडलास, तरी हात त्याच वळणाने चालतोय.

आमचंही तेच झालं होतं. 2014 साली ही एकत्रित सोडत पहिल्यांदा निघाली. त्याआधी प्रत्येक चार्टर शाळेचा (सरकारी पैशाने चालणारी, पण कारभार स्वतंत्र) अर्ज वेगळा, सोडत वेगळी. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होणार होता. तुझ्या काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि जिथे जागा जास्त ती शाळा पहिली टाकली. जी खरी मनात होती ती दुसरी. "दोन्हींपैकी एक तरी पदरात पडेल." पहिली पडली. मग कळलं, की जी शाळा लागते तिच्या खालच्या सगळ्या शाळांमधून आपलं नाव निघून जातं, प्रतीक्षायादीतही उरत नाही. वरच्या शाळांच्या प्रतीक्षायादीत मात्र राहतं. आम्ही वर काही ठेवलंच नव्हतं. शाळा काही वाईट नव्हती गं, पण तो तक्ता आठवला की काका अजून विषय बदलतात.

तर आतलं यंत्र कसं चालतं ते ऐक. संगणक प्रत्येक मुलाला चिठ्ठी काढल्यासारखा एक आकडा देतो. आधी तुझ्या पहिल्या शाळेत जागा बघतो. तिथे तुझ्यापुढची मुलं असली, तर दुसरीकडे वळतो. आणि दुसऱ्या शाळेत, "हिने आम्हाला दुसरा नंबर दिलाय" म्हणून तुला कोणी मागे सारत नाही. भावंड आधीच तिथे असेल, अशा काही कारणांनी प्राधान्य मिळतं. ते नसेल तर आकडा चांगला तो पुढे, मग त्याने ती शाळा पहिली टाकलेली असो की सातवी. म्हणजे वर अवघड शाळा ठेवल्याने खालच्या शाळेतली तुझी संधी तसूभरही कमी होत नाही. 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या आल्विन रॉथ यांनी हयातभर ज्या जुळवणीच्या पद्धतीवर काम केलं, तीच ही. डिसेंबरात पहिल्याच दिवशी अर्ज केलास काय आणि मार्चच्या सुरुवातीला मुदतीच्या आदल्या रात्री केलास काय, फरक शून्य. मुदत चुकवलीस तर मात्र सगळ्यांच्या मागे.

डावपेच संपले. आता खरं काम उरतं ते मनातला क्रम ओळखण्याचं, आणि ते जास्त अवघड आहे.

तुझ्या यादीत वरच्या चार शाळा कशा आल्या ते मला दिसतंय. मँडरिनवाली यू यिंग, स्पॅनिशवाली मुंडो वर्दे, माँटेसरीच्या ली आणि लॅम्ब. प्रतीक्षायादी शेकड्यांनी, म्हणजे शाळा चांगलीच असणार, असं ना? असेलही. पण सकाळचं काय? डीसीत सरसकट स्कूलबस नाही. या चार्टर शाळा शहरभर विखुरलेल्या, कोणाच्याही घराजवळ असायला बांधील नाहीत. तुझ्याकडे गाडी नाही. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन जानेवारीत दोन बस बदलून शाळा, तिथून तू उलट्या दिशेला ऑफिस. आणि हे एका वर्षाचं नाही: एकदा पीके थ्रीला, म्हणजे तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गाला, आत शिरली, की दरवर्षी सोडतीशिवाय ती तिथेच पुढच्या वर्गात जाते. एडफेस्टच्या, म्हणजे शाळांच्या मेळाव्याच्या, मांडवात आणि ओपन हाऊसला सगळ्या शाळा हसऱ्याच दिसतात. तू एखाद्या मंगळवारी सकाळी आठला, पाऊस असेल तर उत्तमच, घरापासून त्या दारापर्यंत जाऊन बघ. दारात मुलांना कोण घेतं, रडणाऱ्या पोराशी ती बाई काय बोलते, तेवढं बघितलंस तरी पुरे.

जी शाळा लागली तर पाठवणारच नाहीस, ती लिहूच नकोस. बाराच्या बारा रकाने भरायची सक्ती नाही. घराजवळची डीसीपीएसची, म्हणजे शहराची सरकारी, शाळा मात्र घाल. पीके थ्रीला तिथेही सोडतच आहे. हक्काची जागा बहुतेक ठिकाणी किंडरगार्टनपासून मिळते. यंदा थांबून पुढच्या वर्षी पीके फोरला बघू, हा विचार सोड; बहुतेक शाळांत दार मोठं उघडतं ते पीके थ्रीलाच. मागे उरतात त्या गळतीच्या जागा.

जावयांना काळजी होती ना, आपण एच-वन व्हिसावर, आपल्याला फुकट कसं चालेल? चालतं. नागरिकत्व कोणी विचारत नाही. लेक 30 सप्टेंबरपर्यंत तीन पूर्ण करणारी हवी आणि तुम्ही डीसीत राहणारे हवेत. पगाराच्या स्लिपवर डीसीचा कर कापलेला आहे ना, तेवढं आजच बघून ठेव. व्हर्जिनियातलं ते घर घ्यायचं चाललंय, त्याचाही विचार आत्ताच करा; नदीपलीकडे गेलात की ही फुकटची जागा गेली.

निकाल मार्चअखेरीस, एप्रिलच्या तोंडावर येईल. लागली नाही तर रडत फोन करू नकोस, म्हणजे कर, पण डेकेअरची जागा तेवढी सोडू नकोस. प्रतीक्षायाद्या मेपासून हलायला लागतात आणि ऑगस्टात, शाळा उघडताना, एकदम सरकतात. आमच्या ओळखीत एकीला शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात फोन आला होता. फोन आला की उत्तराला मुदत थोडी असते, म्हणून अनोळखी नंबर उचलत जा.

शनिवारी या तिघं. यादी कागदावर आण, नंबर पेन्सिलीनेच घाल, आणि शाळांच्या नावांपुढे बसचे नंबर लिहून आण. थालीपिठाची भाजणी आईने पाठवलेली शिल्लक आहे.

तुझी,
काकू