राजीनामा तूर्त ड्रॉवरमध्येच राहू दे

प्रिय सिस्टर,
अनेक आशीर्वाद.

नर्सिंग सोडून समुपदेशनात जायचं की समाजकार्यात, असं तू विचारलंयस. ते नंतर बघू. आधी हातातला कागद बघ. बीएस्सी नर्सिंग ही पदवी आहे, त्यावर एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं. दोन वर्षं, चार सत्रं. जीएनएम ही जनरल नर्सिंगची पदविका. त्यावर थेट एमएसडब्ल्यू नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे एकूण चार वर्षांचा हिशेब.

समुपदेशनाच्या तीन महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने कुठलीही नोंदणी मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मनोसामाजिक कार्यकर्ता (सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर) म्हणजे कोण, तेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय: एमएसडब्ल्यू आणि त्यावर याच विषयातलं पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. एम.फिल.ची व्यवस्था सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेश घेशील त्या वर्षाची मान्यता स्वतः तपास. त्याच कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकाही आहे, हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. मनोरुग्णांसोबतच काम करायचं असेल, तर एक वर्षाचा मानसोपचार नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा जवळचा रस्ता आहे. मग नर्सिंग सोडायचंच कशाला?

एमएसडब्ल्यूचं ठरलंच, तर अडचण अभ्यासाची नाही, फील्डवर्कची येते. साधारण आठवड्याचे दोन दिवस त्यात जातात, शिवाय प्रत्येक भेटीचा अहवाल. नाइट करून सकाळी वस्तीत गेलेली विद्यार्थिनी ऐकत नसते, डुलक्या घेत असते. प्रवेशाआधीच मेट्रनशी बोलून ठरावीक ऑफ लेखी घे. तोंडी शब्द ड्यूटी लिस्टपुढे टिकत नाही.

आणि सवयीचं काय? वॉर्डात 'गोळ्या वेळेवर घ्या, टेन्शन घेऊ नका' एवढं सांगून पुढच्या बेडकडे जायचं असतं. इथे तेच नडतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोज. गप्प बसलेलं माणूस बऱ्याचदा सातव्या-आठव्याला बोलतं. भेटीनंतर तीन रकाने आखून लिही: समोरची काय म्हणाली, तू काय म्हणालीस, तुला काय वाटलं. दुसरा रकाना सल्ल्यांनी भरला, तर नर्सच बोलत होती असं समज.

तुझ्या सोलापुरात भाषेचीही खोच आहे. विडी वळणारी बाई तेलुगूत मोकळी होते, अक्कलकोटकडची कानडीत. सासूला दुभाषी केलंस, तर सुनेचं दुखणं सासूच्या शब्दांतच पोहोचेल. घरातला दुभाषी नकोच.

गुपिताला मर्यादा आहे, हे पहिल्याच भेटीत सांग. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. आत्महत्येची शंका आली, तर आडवळण नको, सरळ विचार. एकटं सोडू नको, मानसोपचार विभागापर्यंत सोबत जा. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

येत्या महिन्यात सिव्हिलमध्ये परवानगी काढून समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलाशेजारी दोन दुपारी बस. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जनआरोग्य योजनेची कागदपत्रं, बेवारस रुग्णाच्या नातेवाइकांचा शोध: निम्मं काम हेच. केसपेपर वाचता येतो, ही तुझी तिथली मोठी कमाई. कंटाळा आला तर तोही खरा मान.

नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण मात्र चुकवू नकोस. फी किरकोळ असते, आणि पहिल्या वर्षी घरभाडं बहुधा त्याच नोंदणीवर निघेल.