वाचकांचे प्रश्न : चार्ल्स साची यांची खरेदी आणि विक्री

प्रश्न : समकालीन कलेवरील लेखनात लंडनच्या साची कलादालनाचा उल्लेख वारंवार येतो. हे साची मूळचे जाहिरात क्षेत्रातले, असे वाचनात आले. जाहिराती करणारा माणूस एवढा मोठा कलासंग्राहक कसा झाला, आणि या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. चार्ल्स साची यांचा जन्म १९४३ साली बगदादमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता आणि चार्ल्स लहान असतानाच त्यांनी बिऱ्हाड लंडनला हलवले. विशीत कॉपीरायटर म्हणून उमेदवारी केल्यावर चार्ल्स यांनी १९७० साली धाकटे बंधू मॉरिस यांच्यासह ‘साची अँड साची’ ही जाहिरातसंस्था काढली. त्याच सुमारास संततिनियमनाच्या प्रचारासाठी निघालेली त्यांची एक जाहिरात गाजली. तिच्यात स्वेटर घातलेला एक पुरुष पुढे आलेल्या पोटावर हात ठेवून खिन्नपणे उभा होता आणि खाली प्रश्न होता की, दिवस तुम्हाला जाणार असते तर तुम्ही अधिक काळजी घेतली असती का? पुढे १९७८ साली त्यांच्या संस्थेने हुजूर पक्षासाठी बेकारांच्या लांबलचक रांगेचे भित्तिपत्रक केले. छायाचित्रासाठी अपेक्षेपेक्षा फारच कमी माणसे आली, म्हणून त्याच माणसांची पुन्हापुन्हा छायाचित्रे घेऊन आणि ती जोडून रांग लांबवण्यात आली. पुढच्याच वर्षी त्या पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. १९८६ साली ‘टेड बेट्स’ ही अमेरिकी संस्था विकत घेतल्यावर साची बंधूंची संस्था जगात सर्वांत मोठी ठरली. मात्र १९९४च्या अखेरीस भागधारकांच्या दबावामुळे मॉरिस यांना पायउतार व्हावे लागले आणि बंधूंनी १९९५ साली नवी संस्था उभी केली.

कलाखरेदी या सगळ्याच्या जोडीने चालू होती. १९६९ साली घेतलेले सॉल लेविट यांचे एक रेखाटन ही पहिली खरेदी मानली जाते. लेविट, डोनाल्ड जड, कार्ल आंद्रे यांची अत्यंत संयत, जवळजवळ निःशब्द अशी अमेरिकी कला हा या संग्रहाचा पहिला थर होय. तो घडवण्यात पहिल्या पत्नी डोरिस लॉकहार्ट यांच्या जाणकारीचा वाटा मोठा होता, आणि ही गोष्ट साची यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत उरकली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. १९८५ साली उत्तर लंडनमधील बाउंडरी रोडवरच्या, रंगाच्या जुन्या कारखान्यात कलादालन उघडले. भिंती पांढऱ्या, जागा प्रशस्त. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ही कला ब्रिटनमधील तरुण विद्यार्थ्यांनी तोवर क्वचितच पाहिली होती.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक होता डेमियन हर्स्ट. १९८८ साली त्याने लंडनच्या गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत आपल्या सहाध्यायांचे प्रदर्शन भरवले आणि साची ते पाहून गेले. दोन वर्षांनी त्यांनी हर्स्टचे एक मांडणशिल्प विकत घेतले. काचेच्या मोठ्या पेटीचे दोन भाग केलेले; एका भागात अळ्यांतून माश्या निपजतात, दुसऱ्या भागात गाईचे सडते मुंडके आणि त्यावर माश्या मारणारे विजेचे यंत्र. माशी जन्मते, खाते आणि यंत्राला चिकटून मरते, हे प्रेक्षकासमोर प्रत्यक्ष घडत राहते. १९९१ साली हर्स्टला मोकळीक देऊन साची यांनी ५० हजार पौंडांत जे काम करवून घेतले, ते म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या, म्हणजे मृत शरीर टिकवणाऱ्या रसायनाच्या, टाकीतला टायगर शार्क. १९९२ साली तो ज्या प्रदर्शनात मांडला गेला, त्याचे नाव होते ‘यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स’, आणि हेच नाव पुढे त्या साऱ्या पिढीला चिकटले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. टाकीतला शार्क, मार्क क्विनने स्वतःच्या गोठवलेल्या रक्तातून घडवलेले स्वतःचे डोके, ट्रेसी एमिनचा अस्ताव्यस्त बिछाना, ही कामे न पाहिलेल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतात आणि ऐकणाऱ्याच्या ती लक्षात राहतात. चांगल्या भित्तिपत्रकाचीही हीच कसोटी असते. साची यांची नजर जाहिरातीत तयार झालेली होती आणि कला निवडताना त्यांनी ती बाजूला ठेवली नाही, असे माझे मत आहे. जेनी सॅव्हिलसारख्या चित्रकर्तीलाही त्यांनी अगदी सुरुवातीला हात दिला, हे खरे. पण तिचे अवाढव्य, मांसल स्त्रीदेहसुद्धा दालनाच्या दुसऱ्या टोकावरून अंगावर येतात. जे चित्र हळूहळू उलगडते, त्याला या संग्रहात जागा कमीच मिळाली.

प्रश्न : साची यांनी कलावंत घडवले की बाजार घडवला? त्यांना आश्रयदाते म्हणावे की व्यापारी?

उत्तर : दोन्ही म्हणावे, कारण ते दोन्ही होते आणि त्यांनी ते फारसे लपवलेही नाही. एखाद्या नवख्या कलावंताची कामे घाऊक घ्यायची, ती दिमाखात मांडायची आणि काही वर्षांनी विकून त्या पैशातून पुढची खरेदी करायची, ही त्यांची रीत होती. एमिनचा बिछाना त्यांनी दीड लाख पौंडांना घेतला आणि २०१४ सालच्या लिलावात तो सुमारे २५ लाख पौंडांना गेला. इटालियन चित्रकार सांद्रो किया यांची सात चित्रे त्यांनी एकदम काढून टाकली, तेव्हा या चित्रकाराचा भावच त्यांनी पाडला असा आरोप झाला. चित्रे मूळ विक्रेत्यांनाच परत विकली होती, असे साची यांचे म्हणणे होते. मोठा ग्राहक एकाएकी पाठ फिरवतो तेव्हा बाजार त्याचा काय अर्थ लावतो, हे त्यांच्याइतके जाहिरातीत मुरलेल्या माणसाला कळत नसेल, असे मानणे मला जड जाते.

याचे अधिक गंभीर रूप १९९७च्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात दिसले. रॉयल अ‍ॅकॅडमीसारख्या प्रतिष्ठित संस्थेत एका खासगी माणसाचा संग्रह मांडला गेला, सुमारे तीन लाख प्रेक्षक आले आणि पुढच्याच वर्षी साची यांनी आपल्या संग्रहातील शंभराहून अधिक कामे लिलावात काढली. त्यातून मिळालेल्या पैशातून कलाशाळांना शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या, हेही नमूद केले पाहिजे. तेच प्रदर्शन १९९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात गेले, तेव्हा ख्रिस ओफिली यांच्या, हत्तीचे शेण वापरलेल्या, येशूची माता मेरी हिच्या चित्रावरून महापौर जुलियानी यांनी संस्थेचे अनुदान थांबवण्याची धमकी दिली. न्यायालयाने निकाल संग्रहालयाच्या बाजूने दिला. त्या गदारोळात, प्रदर्शनाच्या खर्चाला खुद्द संग्राहकाचा हातभार होता, हा खरा आक्षेपार्ह मुद्दा मागे पडला. विक्रीबद्दल मी साची यांना फारसा दोष देणार नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू कोणीही विकावी. सार्वजनिक संस्थेच्या भिंतीवर खासगी मालाची किंमत वाढते, तेव्हा मात्र त्या संस्थेच्या विश्वस्तांना जाब विचारला पाहिजे.

प्रश्न : साची यांनी भारतीय कलाही संग्रहित केली का?

उत्तर : होय. २००८ साली लंडनच्या चेल्सी भागातील जुन्या लष्करी इमारतीत कलादालन नव्याने सुरू झाले ते चिनी कलेच्या प्रदर्शनाने, आणि २०१० साली तिथेच भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. मुंबईच्या जितिश कल्लाट यांचे ‘पब्लिक नोटिस २’ त्यात होते. दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येला गांधीजींनी केलेले संपूर्ण भाषण, हाडांच्या आकाराच्या ४,४७९ फायबरग्लासच्या अक्षरांत, फळ्यांवर ओळीने मांडलेले. हे कामही एका वाक्यात सांगता येते. पण ते पाहायचे तर ओळीमागून ओळ वाचत चालावे लागते, आणि त्यामुळे साची यांनी जमवलेल्या कामांपैकी मला ते अधिक टिकाऊ वाटते.